नगररचना आणि गैरहजर पक्षकार



ज्यांच्या पुण्यस्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांनी आपल्या आयुष्याची उमेदीची वर्षे नगरपालिकेचे सभासद म्हणून वेचली, आणि गावाच्या कारभारात लक्ष घालणे हे सुशिक्षित माणसाचे पहिले कर्तव्य आहे असे ते मानीत. तेव्हा त्यांच्या स्मृतिदिनी नगरपालिकेच्याच एका कामाविषयी, म्हणजे जमिनीच्या उपयोगाचे नियोजन आणि बांधकामाची परवानगी यांविषयी, चार विचार मांडावेत हे मला उचित वाटले. नगररचनेच्या सरकारी खात्यात माझी सारी नोकरी झाली असल्यामुळे या विषयाची कागदी बाजू मी जवळून पाहिली आहे. परंतु आज मला बोलायचे आहे ते त्या कागदांच्या मागे उभ्या असलेल्या माणसांविषयी.

बांधकाम-परवानगीचे कोणतेही प्रकरण उघडा; त्यात आपणांस दोनच पक्ष दिसतील. एक अर्जदार, ज्याची जमीन आहे आणि ज्याला तीवर इमारत उठवायची आहे. आणि दुसरी नगरपालिका, जिच्या सहीशिक्क्यावाचून त्याला पाया खणता येत नाही. परंतु प्रत्येक प्रकरणात एक तिसरा पक्ष असतो, ज्याचे नाव अर्जावर नसते, ज्याचा वकील हजर नसतो आणि ज्याला पुष्कळदा प्रकरण चालू असल्याची वार्ताही नसते. ज्याच्या खिडकीतील उजेड त्या इमारतीने अडणार आहे तो शेजारी, ओढ्याचे पात्र आवळल्यामुळे ज्याच्या उंबरठ्यावर पाणी येणार आहे तो खालच्या अंगाचा रहिवासी, अरुंद गल्लीत ज्याच्या दारापर्यंत आगीचा बंब पोहोचणार नाही तो वृद्ध, आणि ज्यांचा अजून जन्मही झालेला नाही परंतु ज्यांना खेळायला मैदान लागणारच आहे ती मुले, हे सारे मिळून तो तिसरा पक्ष होतो. जमिनीच्या उपयोगाविषयीचे आपले सारे कायदे या गैरहजर पक्षकाराच्या रक्षणासाठी निर्माण झाले आहेत, आणि त्याची आठवण ज्या प्रमाणात ठेवली जाते त्या प्रमाणातच एखाद्या नगरपालिकेचा कारभार चांगला ठरतो, हे माझे आजचे प्रतिपादन आहे.

या कायद्यांचा जन्मच मुळी एका संकटातून झाला. १८९६ साली मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचा उद्भव झाला, आणि जिथे वारा खेळत नाही, सूर्यप्रकाश पोहोचत नाही आणि एकेका खोलीत कुटुंबेच्या कुटुंबे दाटीवाटीने राहतात तिथे रोग किती झपाट्याने पसरतो हे राज्यकर्त्यांना आणि धनिकांनाही उमगले. त्यातूनच १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने जुन्या दाट वस्त्यांतून सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट यांसारखे रुंद रस्ते काढले आणि दादर-माटुंग्याकडे आखीव वसाहती वसवल्या. १९३३ साली त्याचे काम मुंबई महापालिकेकडे आले. तथापि ट्रस्टची पद्धत मुख्यतः पाडण्याची होती, आणि पाडलेल्या घरांतील गरिबांचे पुढे काय झाले या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मिळाले नाही.

दरम्यान, १९१५ साली मुंबई इलाख्यासाठी नगररचनेचा कायदा झाला. हा हिंदुस्थानातील या विषयावरचा पहिला कायदा होय. त्याच सुमारास पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश विद्वान या देशात आले, त्यांनी अनेक नगरे पायी हिंडून पाहिली, आणि १९१९ मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. योजनेच्या अगोदर पाहणी झाली पाहिजे, नकाशावर रेषा ओढण्यापूर्वी त्या रेषेखाली कोण राहते आणि कसे राहते हे जाणून घेतले पाहिजे, हा गेडिसांचा आग्रह होता. रस्ता सरळ करण्यासाठी मोहल्ला उद्ध्वस्त करण्यापेक्षा दोन-चार पडकी घरे काढून मोकळा चौक निर्माण करणे त्यांना अधिक शहाणपणाचे वाटे. गैरहजर पक्षकाराला हजर करण्याचा तो पहिला गंभीर प्रयत्न होता असे मी म्हणेन.

१९५४ च्या नगररचना कायद्याने स्थानिक संस्थांवर विकास योजना तयार करण्याचे बंधन घातले, आणि सध्या ज्याच्या आधारे आपला कारभार चालतो तो महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ साली झाला. या अधिनियमाची बांधणी मी जेव्हा जेव्हा न्याहाळतो तेव्हा तेव्हा ती करणाऱ्यांच्या लोकशाहीवरील श्रद्धेविषयी मला आदर वाटतो. प्रथम नगरपालिका विकास योजना तयार करण्याचा इरादा जाहीर करते. मग विद्यमान जमीन-वापराचा नकाशा तयार होतो, म्हणजे कोठे घरे, कोठे शेती, कोठे कारखाना, कोठे दफनभूमी याची नोंद होते. त्यावरून प्रारूप योजना आखली जाते, ज्यात निवासी, व्यापारी, औद्योगिक, शेती इत्यादी विभाग, नवे व रुंद करावयाचे रस्ते, आणि शाळा, दवाखाना, बाजार, उद्यान, क्रीडांगण यांसाठी राखून ठेवलेल्या जागा दाखवतात. ती प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागवल्या जातात. नगरपालिकेचे तीन सभासद आणि नगररचना संचालकांनी नेमलेले, चारपेक्षा अधिक नाहीत इतके तज्ज्ञ यांची नियोजन समिती त्या हरकतींची सुनावणी घेते. आणि त्यानंतर योजना राज्य शासनाकडे मंजुरीसाठी जाते. अशी मंजूर योजना वीस वर्षांतून एकदा तरी सुधारलीच पाहिजे असे कायदा म्हणतो.

वीस वर्षे ही मुदत ऐकावयास लांब वाटते, परंतु तीही पाळली जात नाही. पुण्याचेच उदाहरण घ्या. त्या नगराची विकास योजना १९६६ साली मंजूर झाली, तिची सुधारणा १९८७ साली, आणि त्यानंतरची २०१७ साली. १९८७ आणि २०१७ यांच्या दरम्यानच्या तीस वर्षांत त्या नगराचे रूप आमूलाग्र पालटले. आणि योजना जेव्हा नगराच्या मागून चालू लागते तेव्हा तिचे काम घडून गेलेल्या गोष्टींची नोंद ठेवण्यापुरते उरते. मुंबईत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रारूप योजनेवर नागरिकांचा इतका रोष ओढवला, देवळे, शाळा, जुन्या वास्तू आणि रस्ते यांच्या नोंदींत इतक्या चुका आढळल्या, की ते प्रारूप बाजूला सारून नव्याने काम करावे लागले आणि सुधारलेली योजना २०१८ साली अमलात आली. काहींना यात विलंब दिसतो. मला यात हरकतीच्या अधिकाराचा विजय दिसतो. नागरिकांनी नकाशा उघडून आपली गल्ली त्यात शोधली म्हणूनच त्या चुका सापडल्या.

आता या विषयातील सर्वांत अवघड प्रश्नाकडे, म्हणजे आरक्षणाकडे, वळतो. नगरपालिका एखाद्याच्या जमिनीवर क्रीडांगणाचे आरक्षण टाकते, परंतु ती जमीन विकत घेण्यास तिच्या तिजोरीत पैसा नसतो. वर्षामागून वर्षे लोटतात. मालकाला घर बांधता येत नाही, रास्त भावाने जमीन विकता येत नाही, मुलीच्या लग्नासाठी वा मुलाच्या शिक्षणासाठी तिच्यावर कर्जही मिळत नाही. मी एका छोट्या नगरपालिकेच्या सुनावणीस उपस्थित असताना एक वयोवृद्ध शेतकरी सातबाराचा उतारा हातात घेऊन समितीपुढे उभे राहिले आणि एवढेच म्हणाले, ‘साहेब, पोरं खेळायला पाहिजेत हे मला कबूल आहे, पण सगळ्या गावाची पोरं माझ्या एकट्याच्या जिवावर का?’ त्या प्रश्नाला समितीपाशी उत्तर नव्हते, आणि आजही अनेक नगरपालिकांपाशी ते नाही.

१९६६ च्या कायद्याने अशा मालकाला एक वाट ठेवली आहे. योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादन झाली नाही तर मालक कलम १२७ अन्वये नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतरही ठरावीक मुदतीत नगरपालिकेने पाऊल उचलले नाही तर आरक्षण व्यपगत होते. ही मुदत मूळ कायद्यात सहा महिन्यांची होती, पुढे ती एक वर्ष झाली आणि २०१५ पासून ती दोन वर्षे आहे. मालकाच्या दृष्टीने ही तरतूद न्याय्य आहे, यात शंका नाही. परंतु तिचा परिणाम असा होतो की पैशाअभावी वा निव्वळ दुर्लक्षामुळे मुदत टळून जाते, आणि ज्या मैदानाची वाट गावातील मुलांनी दहा वर्षे पाहिली ते एका कागदाने नाहीसे होते. नोटीस आली तेव्हा ती कोणत्या मेजावर पडून राहिली, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. कारण ज्यांचे नुकसान झाले ते त्या प्रकरणात पक्षकारच नव्हते.

या कोंडीतून सुटण्याचा अधिक समतोल मार्ग १९१५ च्या कायद्यातच होता. तो म्हणजे नगररचना योजना, जिला आपण टी.पी. स्कीम म्हणतो. तीत एका परिसरातील सर्व मालकांच्या जमिनी कागदावर एकत्र करतात, त्यांतून रस्ते, मैदाने व सार्वजनिक जागा काढतात, आणि उरलेली जमीन नीट आखलेल्या अंतिम भूखंडांच्या रूपाने प्रत्येकाला त्याच्या हिश्श्याप्रमाणे परत देतात. प्रत्येकाची जमीन थोडी कमी होते, परंतु रस्ता मिळाल्यामुळे उरलेल्या जमिनीचे मोल वाढते. एकाच्या एकट्याच्या जिवावर काही होत नाही. वांद्रे, सांताक्रूझ, विलेपार्ले येथील आणि पुण्यातील भांबुर्डे, संगमवाडी येथील जुन्या वस्त्या याच पद्धतीने घडल्या. १९६० साली द्विभाषिक मुंबई राज्याचे विभाजन झाल्यावर गुजरातने ही पद्धत नेटाने चालू ठेवली, आणि आपण मात्र आरक्षण व संपादन यांवर भिस्त ठेवली. अलीकडे पुण्याजवळ म्हाळुंगे-माण येथे आणि नवी मुंबई विमानतळाच्या परिसरात आपण पुन्हा त्या मार्गाकडे वळलो आहोत. त्या वृद्ध शेतकऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर आपल्या दप्तरात शंभर वर्षांपासून पडून आहे, आणि ते उपयोगात आणणे आपल्याच हाती आहे.

योजना मंजूर झाली की दैनंदिन कारभार सुरू होतो, तो परवानगीचा. अर्जदार मालकीचा उतारा, मोजणी नकाशा आणि वास्तुविशारदाने काढलेले आराखडे घेऊन अर्ज करतो. जमीन कोणत्या विभागात पडते, समोरचा रस्ता किती रुंद आहे, चारही बाजूंना किती मोकळी जागा सुटते, चटई क्षेत्र निर्देशांक किती मिळतो, म्हणजे जमिनीच्या प्रमाणात किती बांधकाम करता येते, हे सारे तपासून नगरपालिका परवानगी देते, अटी घालून देते, किंवा कारणे लिहून नाकारते. साठ दिवसांत तिने काहीच कळवले नाही तर, प्रस्ताव नियमांस धरून असल्यास, परवानगी मिळाली असे कायदा मानतो. पुढे जोत्यापर्यंत काम आले की तपासणी व्हावयाची, आणि इमारत पुरी झाली की भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावरच तिच्यात राहावयास जावयाचे, असा शिरस्ता आहे. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रे वगळून उर्वरित राज्यासाठी एकच विकास नियंत्रण नियमावली लागू झाली, ही मोठी सोय झाली. कारण त्यापूर्वी गावागणिक नियम बदलत आणि त्या बदलांच्या फटीतून पुष्कळ गोष्टी निसटत.

सर्वसामान्य माणसाला ही पायरीमागून पायरी छळासारखी वाटते, आणि जिथे अर्ज कारणावाचून अडवून ठेवला जातो तिथे तो छळच असतो. अशा दिरंगाईचे समर्थन मी करणार नाही. परंतु परवानगी म्हणजे मालकावर केलेली मेहेरबानी अशी जी समजूत मेजाच्या दोन्ही बाजूंना रुजली आहे ती समूळ चुकीची आहे. परवानगी ही नगरपालिकेने शेजाऱ्याला दिलेली हमी आहे. ही इमारत तुझ्या अंगावर कोसळणार नाही, तिच्यामुळे तुझा वारा बंद होणार नाही, तिच्या सांडपाण्याची सोय झालेली आहे, असे वचन त्या सहीमध्ये असते. ४ एप्रिल २०१३ रोजी ठाण्याजवळ शिळफाटा येथे एक बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ माणसे मृत्युमुखी पडली, तेव्हा ही हमी नसणे म्हणजे काय हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. ती इमारत कोणा एका रात्रीत उभी राहिली नव्हती; मजल्यावर मजला चढताना ती सर्वांच्या डोळ्यांदेखत वाढत होती.

नद्यांच्या काठी हीच गोष्ट अधिक विस्ताराने घडते. पाटबंधारे खाते नदीकाठी दोन रेषा आखते : पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकाम होऊ नये आणि दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात कडक अटींवरच व्हावे, एवढाच त्यांचा अर्थ आहे. २०१९ साली पंचगंगा व कृष्णा यांच्या पुराने कोल्हापूर आणि सांगली बुडाली, २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीच्या पुराने चिपळूणचा बाजार बुडाला. अतिवृष्टी हे त्याचे मुख्य कारण होते हे मी नाकारीत नाही; परंतु नदीने आपली हद्द पूर्वीच दाखवून दिलेली असताना तिच्या पात्रालगत भराव पडत राहिले, हेही तितकेच खरे आहे. प्रत्येक भराव एकट्याने पाहता लहान असतो. आणि नदी त्या सर्वांची बेरीज करते.

यावरून मी माझ्या मुख्य मुद्द्यावर येतो. नगराचे भवितव्य मोठ्या योजनेपेक्षा तिच्या अपवादांत अधिक ठरते. कायद्याच्या कलम ३७ ने योजनेत किरकोळ फेरबदल करण्याची मुभा दिली आहे, मात्र त्याने योजनेचे मूळ स्वरूप बदलता कामा नये अशी अट आहे. ही मुभा आवश्यक आहे, कारण वीस वर्षांचे भविष्य कोणालाच अचूक दिसत नाही. परंतु इथले उद्यान वगळा, तिथला शेतीविभाग निवासी करा, पलीकडच्या रस्त्याची रुंदी कमी करा, असे किरकोळ म्हणून केलेले पन्नास फेरबदल एकत्र केले तर मूळ योजना ओळखूही येत नाही. या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली बंगळूरच्या एका प्रकरणात दिलेला निकाल प्रत्येक नगरसेवकाने वाचावा असा आहे. उद्यानासाठी राखलेली जागा तेथे खासगी रुग्णालयासाठी देण्यात आली होती. परिसरातील रहिवासी न्यायालयात गेले. रहिवाशांना दाद मागण्याचा अधिकारच नाही, हा युक्तिवाद न्यायालयाने अमान्य केला आणि ती जागा उद्यानासाठीच राहील असे ठरवले. गैरहजर पक्षकाराला त्या दिवशी कायद्याने हजर करून घेतले.

मग ज्यांनी नियम मोडूनच घर बांधले त्यांचे काय? गुंठेवारीने घेतलेल्या एक-दोन गुंठ्यांच्या तुकड्यावर, शेतजमिनीत, रस्ता नाही, गटार नाही अशा ठिकाणी लाखो कुटुंबांनी आयुष्यभराची पुंजी घातली आहे. त्यांना गुन्हेगार म्हणणे मला मान्य नाही. कारण कायदेशीर आणि परवडणारी जागा त्यांना कोणी उपलब्ध करूनच दिली नाही. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने अशी घरे नियमित करण्याची वाट काढली, आणि २०२१ साली तिची मुदत पुढे आणून २०२० अखेरपर्यंतच्या तुकड्यांना ती लागू केली. करुणेच्या दृष्टीने हे योग्यच झाले. परंतु नियमित करण्याची मुदत पुन्हा पुन्हा वाढत राहिली की नियम पाळणाऱ्या माणसाला आपण मूर्ख ठरलो असे वाटू लागते, आणि ज्याने गुंठे पाडून विकले तो दलाल मात्र पुढच्या गावी जाऊन तोच उद्योग नव्याने मांडतो. झालेल्या घरावर दया आणि होऊ घातलेल्या घरावर लक्ष, या दोन गोष्टी एकदमच झाल्या पाहिजेत. आपण पहिली करतो आणि दुसरी विसरतो.

हे सारे करावयाचे कोणी? १९९३ साली अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जी बारावी अनुसूची घटनेत आणली तिच्यात नगररचना आणि जमिनीच्या वापराचे व इमारतींचे नियमन हे विषय अगदी आरंभी आहेत. असे असूनही योजनेची अंतिम मंजुरी, नियमावली आणि फेरबदलांचा शेवटचा शब्द राज्य शासनाकडेच राहिला आहे. आणि ज्या लहान नगरपालिकांवर अंमलबजावणीचा भार आहे, तिथे तोच एक अभियंता सकाळी पाणीपुरवठ्याची तक्रार पाहतो, दुपारी रस्त्याची निविदा उघडतो आणि उरलेल्या वेळात बांधकामाचे नकाशे तपासतो. त्याच्याकडून जोत्याची तपासणी वेळेवर होईल आणि ओढ्यातील भराव त्याच दिवशी थांबेल, ही अपेक्षा व्यर्थ आहे. नगरपालिकांना नगररचनेचे शिक्षण घेतलेली माणसे द्या, आरक्षित जागा घेण्यासाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद करा, आणि दिलेली प्रत्येक परवानगी व केलेला प्रत्येक फेरबदल गावातील कोणासही विनासायास पाहता येईल असा जाहीर ठेवा. या तीन गोष्टी झाल्या तरी कारभाराचे स्वरूप पालटेल अशी माझी खात्री आहे.

परंतु शेवटी कायदा आणि अधिकारी यांच्या हाताबाहेरचे एक काम उरते, आणि ते आपले आहे. पुण्याच्या टेकड्यांवर आज जैवविविधता उद्यानाचे आरक्षण आहे. १९९७ साली महापालिकेत आलेल्या २३ गावांच्या त्या टेकड्या घरांसाठी खुल्या कराव्यात असा रेटा दीर्घकाळ होता. हजारो सामान्य नागरिकांनी आपल्या सह्यांनिशी सूचना दाखल केल्या, वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, आणि २०१५ साली ते आरक्षण कायम झाले. त्यातील मालकांच्या मोबदल्याचा प्रश्न अजूनही न्यायाने सोडवायचा आहे, आणि तो सोडवल्यावाचून त्या टेकड्या खऱ्या अर्थाने सुरक्षित होणार नाहीत. तरीही, आपल्या नावावर नसलेल्या जमिनीविषयी, पुढच्या पिढीच्या वतीने, लोक हरकत घेऊ शकतात एवढे त्यातून सिद्ध झाले.

म्हणून माझी आपणांस विनंती आहे. आपल्या नगरपालिकेत जाऊन गावाच्या विकास योजनेचा नकाशा एकदा तरी पाहा. आपल्या घराजवळ कोणते मैदान, कोणती शाळा, कोणता रस्ता त्यात दाखवला आहे आणि प्रत्यक्षात तिथे काय आहे याची रुजवात घाला. फेरबदलाची जाहीर सूचना वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत येते. ती वाचा, मुदतीत लेखी हरकत द्या, तिची पोच घ्या, आणि सुनावणीच्या दिवशी स्वतः हजर राहा.